मागच्या सीटवरचा घाट

आमच्या जुन्या मोटारीच्या छताचं आतलं कापड लोंबून माझ्या टकलाला घासायला लागलं, तेव्हा मी गाडी सीटवाल्याकडे नेली. बायकोही बरोबर आली. त्याने नमुने पुढ्यात टाकले आणि मी हाताला लागला तो राखाडी तुकडा उचलला.

"हे नको," ती म्हणाली. "पहिल्यासारखंच पाहिजे. मोतिया रंगाचं, बारीक भोकांचं."

"काकू, वर कोण बघतंय?" सीटवाला हसला.

"मी बघते. घाट लागला की मी मागे आडवीच असते."

खरं होतं. तिला गाडी लागते. आजवर प्रत्येक घाटात मी पुढून दरीचं, धुक्याचं वर्णन करत आलो आणि ती नाकाशी लिंबू धरून छताकडे बघत आली. मला वाटायचं, सगळे घाट आम्ही मिळून पाहिले. तिचा घाट मात्र त्या कापडावरून जात होता. वळण आलं की खिडकीतलं ऊन त्याच्या एका कडेहून दुसऱ्या कडेला सरकायचं, असं ती सीटवाल्याला सांगत होती. आणि ते सांगताना काही बघायचं हुकलं, असं तिच्या चेहऱ्यावर अजिबात दिसत नव्हतं. उलट, हुकलं असेल तर माझंच.

नवं कापड ताणून बसलं, तेव्हा मी चपला काढून मागच्या सीटवर आडवा झालो. दुकानाच्या दारातल्या झाडामधून येणारं ऊन त्या बारीक भोकांवरून हलत होतं. ती पुढे बसली आणि मागे न वळता पर्समधलं लिंबू तिने माझ्या हातात दिलं.