ऊटीच्या वाटेवर फुटलेला टायर

आमच्या वरच्या खोलीतली सिस्टर जिना उतरायची ती स्वतःशी बोलत. तेही इंग्रजीत, आणि नुकतंच जे काही केलं त्याबद्दल. "आय वॉज लॉकिंग द डोअर... छे छे, आय लॉक्ड द डोअर." एकेका पायरीला एकेक वाक्य. म्हैसूरच्या हिनकल भागातली आमची गल्ली तिला हसायची. ती म्हणायची, "हसा हसा! पास झाले की म्हैसूरपाक वाटताना एकेकाला बघून घेते."

नर्स म्हणून सगळ्यांचीच ती सिस्टर. घराणं आमच्यासारखंच जुनं म्हैसूरकर मराठी, म्हणजे वाक्य मराठीत सुरू करायचं आणि कन्नडात संपवायचं. नवरा आजारपणात गेला आणि लहानग्या मुलीला हुणसूरला सासू-सासऱ्यांनी ठेवून घेतलं. "तू रात्रपाळी करणार, पोरीला कोण बघणार?" असं सासूचं म्हणणं. मग परदेशातल्या एका इस्पितळात तिची निवड झाली. दिवसाची पाळी, राहायला घर, मुलीला शाळा. सासरे म्हणाले, "ते सगळं हातात आलं की ने पोरीला." मधे अडसर एकच, इंग्रजीची परीक्षा. एकदा नापास झाली होती. इस्पितळवाले तरी किती थांबणार?

लिहिण्यात ती निभावून न्यायची. गाडी अडायची ती तोंडी परीक्षेत. तिथं आपल्यावर गुदरलेला एखादा प्रसंग सांगायचा असतो. क्लासचे सर सांगायचे, जे चाललं होतं ते लांबवून बोला, जे मधेच घडलं ते तोडून बोला. ही सगळंच लांबवायची. "आय वॉज नोइंग. आय वॉज हॅविंग फीवर." माझं इंग्रजी टीव्ही ऐकून आणि दुकानांच्या पाट्या वाचून आलेलं, तरी भाजी निवडता निवडता मी टोकायची, "अगं, ताप आला नि गेला. त्याला सुम्ने, उगाच, किती ओढशील?"

"माझ्या डोक्यात काही संपतच नाही, मावशी. काय करू?"

शेवटी सरांनी युक्ती काढली. अख्ख्या वर्गाला एकच गोष्ट पाठ करायला दिली. आम्ही ऊटीला चाललो होतो, पाऊस पडत होता, मुलं गाणी म्हणत होती, नंजनगूड मागे पडलं आणि टायर फुटला. लांबवायचं ते लांबवलेलं, तोडायचं ते तोडलेलं, चुकायला जागाच नाही. सिस्टर जन्मात ऊटीला गेली नव्हती. तरी धुणं वाळत घालताना ती तो टायर इतक्यांदा फोडायची की मलाही पाठ झाला. दुसऱ्या परीक्षेत तिनं "नंजनगूड" म्हटलं मात्र, परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. "सकाळपासून तिथं सगळ्यांचेच टायर फुटतायत. त्या रस्त्यावर एक तरी गाडी धड पोचली का?"

हे मला सांगताना ती आधी खूप हसली. मग पायरीवर बसली आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून रडली, गल्लीला ऐकू जाऊ नये म्हणून.

शेवटच्या संधीच्या वेळी तिचं जेवण सुटलं होतं. मी ताट वाढून न्यायची, ते तसंच परत यायचं. "या वेळी माझंच सांगते," ती म्हणाली. "हुणसूरच्या स्टँडवरचं." ती बसमध्ये चढत होती, मुलीनं पदर धरला होता, सासू तिची बोटं एकेक करून सोडवत होती आणि बस सुटली. माझ्या स्वयंपाकघरात तिनं ते अडखळत का होईना, पण शेवटपर्यंत सांगितलं. एकही चूक नाही. मला वाटलं, जमलं.

परीक्षेहून आली ती चप्पल न काढताच आत शिरली. सासू बोटं सोडवते तिथपर्यंत सांगत आली आणि पुढं शब्दच फुटेना, असं झालं होतं. परीक्षकानं पाणी दिलं. ती पाणी पीत होती तेवढ्यात वेळ संपली. "टायरच बरा होता, अल्वा, नाही का हो मावशी?" म्हणाली. मी तिचं ताट वाढायला घेतलं.

निकाल लागला, जागा दुसऱ्या कुणाला गेली. सासूचा निरोप आला, नोकरी सोड, इथं येऊन राहा, पोरीजवळ. सिस्टरनं महिनाही पुरा होऊ दिला नाही. हुणसूरच्या बसपर्यंत मी तिच्याबरोबर गेले. वाटभर मीच बडबडत होते. बस आली तेव्हा तिनं वाकून नमस्कार केला. "आता रोज तिची वेणी तरी घालता येईल," म्हणाली आणि चढली.

कधीमधी तिचा फोन येतो. मुलीचा दात पडला, मुलीला पाढे येतात, मुलगी झोपेत लाथा मारते. मी विचारते, "आणि तू कशी आहेस गं?" ती म्हणते, "थांबा, मुलीलाच देते," आणि फोन मुलीच्या हातात देते.