मध्ये न बोलणारा सर्व्हर

अंध मुलांच्या एका शाळेत मी कॉम्प्युटर सांभाळतो. बावीस वर्षं झाली. दारावर ‘सिस्टीम विभाग’ अशी पाटी आहे. विभाग म्हणजे मी, एक पंखा आणि न लागणाऱ्या दाराचं कपाट. आई मात्र विचारणाऱ्याला सरळ सांगते, “प्रिंटरमध्ये कागद अडकला की तो काढतो.” पूर्वी मला याचा राग यायचा. हल्ली वाटतं, माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन आजवर कुणाला जमलेलं नाही.

शाळेतली सगळी छपाई एका युनिक्स सर्व्हरमार्फत व्हायची. कुणी काहीही छापायला पाठवलं की ते आधी त्याच्याकडे जायचं आणि तो ते योग्य त्या प्रिंटरकडे धाडायचा. पण तो थकला होता, म्हणून मोठ्या सुट्टीत मी नवा बसवला. फार जुने कॉम्प्युटर छपाईसाठी वेगळ्या, जुन्या पद्धतीने बोलतात. त्यांच्यासाठी नव्या सर्व्हरवर एक खास सेवा चालू ठेवता येते. ती मी बंदच ठेवली. असला कॉम्प्युटर आता कुणाकडे आहे का, याची चौकशी मी अगदी रीतसर केली होती. नोटीस बोर्डावर सूचना लावली होती. छापील. काळ्या शाईत. अंधशाळेत. दोन आठवड्यांत एकाचीही हरकत आली नाही, तेव्हा माझा चोख कारभार पाहून माझा मलाच अभिमान वाटला.

सुट्टी संपली त्या सोमवारी सकाळी ताई माझ्या दारात उभ्या. ताई म्हणजे आमच्या ब्रेल छपाईच्या प्रमुख. त्यांना जन्मापासून दिसत नाही, पण तीन मजले माझ्याआधी चढतात आणि वर पोचल्यावर मला धाप लागलेली ऐकून हसतात.

“साहेब, माझं मशीन गप्प आहे,” त्या म्हणाल्या.

“बंद असेल.”

“चालू आहे. गुणगुणतंय. त्याला काही पोचतच नाहीये. आणि गुरुवारी परीक्षा आहे.”

खाली गेलो तर त्यांच्या टेबलावर तो कॉम्प्युटर. माझ्या नोकरीइतका जुना. मीच बसवलेला! गणिताची चिन्हं ब्रेलमध्ये कशी लिहायची याचे त्यांनी स्वतः बसवलेले सगळे नियम त्याच्यातच होते, आणि तो जुन्या पद्धतीखेरीज दुसऱ्या कशातही बोलत नव्हता. मी तोंडात मारल्यासारखा उभा राहिलो. पण चूक कबूल करायच्या आधी हुशारी दाखवायची ही माझी जुनी खोड.

“ताई, हा डबा आपण बदलूनच टाकू.”

“बदला ना. गुरुवारनंतर.”

वर जाऊन मी ती सेवा सुरू केली. दहा मिनिटांचं काम. परत येईस्तोवर मशीन धडाधडा चालू झालं होतं. हे मशीन जाड कागदावर शाई नव्हे, ठिपके उठवतं. पानामागून पान बाहेर पडत होतं, सगळं ठिपक्यांनी गच्च भरलेलं.

“बघा!” मी म्हणालो. ताईंना. “किती सुंदर आलंय!”

ताईंनी खुर्चीत बसून एक पान घेतलं, डावीकडून उजवीकडे बोटं फिरवली, मग दुसरं घेतलं.

“साहेब, हे कुठल्या भाषेत आहे?”

“का?”

“इथे ओळीच्या ओळी एकच अक्षर आहे. पुढे नुसते आकडे. सुंदर आहे खरं, पण याला अर्थ नाही.”

बावीस वर्षं या शाळेत आणि ब्रेलचं एक अक्षर मला येत नव्हतं. मला सगळी पानं सारखीच दिसत होती. त्या खोलीत दिसत नसलेलं माणूस एकच होतं, आणि ते खुर्चीवर बसलेलं नव्हतं.

पुढचा दीड दिवस मी वर-खाली करत होतो. वर काहीतरी बदलायचं, खाली येऊन विचारायचं. मशीन चालवणारा ड्रायव्हर प्रोग्राम बदलला. अक्षरांची सेटिंग बदलली. एकदा तर कागदच उलटा घातला. दर वेळी ताई निमूटपणे पान वाचायच्या आणि म्हणायच्या, “नाही.” मंगळवारी दुपारपर्यंत रद्दीचा ढीग गुडघ्याला लागला.

शेवटी त्यांनी माझा हात धरून मला स्टुलावर बसवलं.

“मला एक सांगा. मी पाठवते ते तुमचा सर्व्हर वाचतो का?”

“वाचतो म्हणजे... काय आलंय ते ओळखतो. साधा मजकूर वाटला तर प्रिंटरला आवडेल असा नीटनेटका करून देतो.”

“पण माझं पान आधीच तयार असतं. ठिपक्यांसकट. त्याला म्हणावं, तू वाचू नकोस, नीटनेटकं करू नकोस. आलं तसं पुढे दे.”

मी वर गेलो आणि त्या सेवेच्या सेटिंगमध्ये एक ओळ वाढवली. आलेला मजकूर कसला आहे ते ओळखायच्या भानगडीत न पडता जसाच्या तसा सोडायचा, एवढाच तिचा अर्थ. दीड दिवस मी जगभराचे उपाय धुंडाळत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

या वेळी ‘बघा’ म्हणायची माझी हिंमत झाली नाही. ताईंची बोटं पहिल्या ओळीवरून गेली, दुसरीवर आली, आणि चौथ्या प्रश्नावर थांबली.

“चूक आहे,” त्या म्हणाल्या.

“परत?”

“तुमची नाही. गणिताच्या सरांनी त्रिकोणाला चार कोन दिलेत.”

त्या दिवशी इतक्या मोकळेपणाने मी दुसऱ्या कुणाच्या चुकीवर हसलो की ताईंनाही हसू फुटलं. गुरुवारी सगळ्या मुलांच्या हातात प्रश्नपत्रिका पडल्या, तीन कोनांच्या.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “अहो, म्हणजे समोरचा बोलतोय ते तसंच ऐकून घ्यायचं, मध्ये सुधारायचं नाही, हे शिकायला तुम्हाला सर्व्हर लागला?” ती चुकतेय कुठे, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

तो जुना कॉम्प्युटर अजून ताईंच्या टेबलावर आहे. त्यांचे नियम हळूहळू नव्यात उतरवतोय. ते तपासता यावेत म्हणून त्यांच्याकडे ब्रेल शिकायला लागलो. बोटं जाड, त्यात ह आणि ज ही अक्षरं एकमेकांची आरशातली रूपं; मी हमखास फसतो. परवा जिन्याच्या कठड्यावर बसवायची नवी ब्रेल पट्टी ताईंनी माझ्याकडून वाचून घेतली. मी डोळे मिटून, बोट टेकवून, मोठ्या आत्मविश्वासाने वाचलं, “जळू चाला.”

ताई म्हणाल्या, “चाला. मी येते मागून.”