आत्याला मानवेल अशी बोट

काशीदला पर्यटकांना समुद्रात फिरवणारे आमचे शेजारी प्रत्येक वाक्य ‘तसं न्हाय हो’ने सुरू करतात, अगदी होकार द्यायचा असला तरी. चहा विचारला की म्हणतात, “तसं न्हाय हो, घेतो की.”

यंदा त्यांना मोठी बोट बांधून घ्यायची होती. बांधणाऱ्यांनी मोबाइलवर चकाचक फोटो पाठवले. ते न बघताच शेजारी आपल्या सासूबाईंना घेऊन निघाले. त्यांना ते आत्या म्हणतात. आत्याला एसटीच्या पहिल्या वळणावरच मळमळतं.

“तुम्ही बांधलेल्या बोटीतून आत्याला फिरवून आणा,” ते प्रत्येकाला सांगायचे. “ज्याला उलटी झाली, ते गिऱ्हाईक पुन्हा येत न्हाय.”

मीही गंमत बघायला सोबत गेलो. पहिल्या बोटीत आत्याने सारखं लिंबू हुंगलं, दुसरीत सगळे देव आठवले. दोन्ही बांधणारे बाद. तिसऱ्या बोटीत, रेवदंड्याच्या खाडीबाहेर, मीच कठडा घट्ट धरून बसलो होतो आणि आत्या चक्क घोरत होती.

“मग, काम आमच्याकडं?” बांधणाऱ्याने विचारलं.

“तसं न्हाय हो, पक्कंच,” शेजारी कुजबुजले. “पण हळू बोला. उठली, तर बोटीच्या रंगावरनं भांडंल.”