ट्रंक लाइनवरचे फोटो

जळगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी ट्रंक ऑपरेटर म्हणून लागले तेव्हा ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. परगावी फोन करायचा तर लोक आमच्याकडे नंबर नोंदवायचे. मग आम्ही त्या गावच्या ऑपरेटरला बोलावून लाइन जोडून द्यायचो. ऑपरेटर एकमेकींना नावानं हाक मारत नसत. भुसावळहून जी बोलेल ती भुसावळ, मालेगावहून जी बोलेल ती मालेगाव. मी जळगाव.

धुळ्याला दुपारच्या पाळीत एक बाई होती. तिचा आवाज जाड आणि जरासा बसलेला होता, सर्दी नसतानाही सर्दी झाल्यासारखा. कापसाचे व्यापारी अर्जंट कॉल लावायचे आणि लाइन मिळाल्यावर घसा साफ करत बसायचे. तेव्हा ती मध्येच म्हणायची, "बोला शेठ, तीन मिनिटं काय खोकण्यात घालवता?" मला ती तिथूनच आवडायला लागली. दुपारी जेवणानंतर कॉल कमी असायचे, लाइन मोकळी पडलेली असायची, आणि आमच्या सुपरवायझर बाई खुर्चीत डोळे मिटून असायच्या. त्या वेळात आमचं बोलणं सुरू झालं. ती माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी, लग्न झालेली, घरी नवरा आणि सासू. मी पंचवीस वर्षांची, आई नसलेली, घरी वडील आणि मी.

माझा भाऊ नोकरीला नाशिकला गेला तेव्हा त्याचा साधा डबा कॅमेरा घरी ठेवून गेला. त्यात फार काही नव्हतं. ऊन असेल तर एक खूण, ढग असतील तर दुसरी. मागे एक लाल काचेची बारीक खिडकी, तिच्यात पुढच्या फोटोचा आकडा दिसायचा. एका रोलमध्ये बारा फोटो. मी हे धुळ्याला सांगितलं तर ती म्हणाली, "आमच्याकडे पण आहे की. लग्नात आणला होता. एक रोल संपवला, त्यात बाराच्या बारा फोटोंत माझे दीर-नणंदा रांगेत उभे आहेत. पुढे काय काढायचं ते कोणाला सुचलं नाही, कॅमेरा कपाटात गेला."

"मलाही सुचत नाही," मी म्हटलं.

"मग आपण ठरवू या. सोमवारी एक विषय. त्या आठवड्यात तू तुझ्याकडचा काढ, मी माझ्याकडचा."

रोल महाग होता, म्हणून आठवड्याला एकच फोटो असं ठरलं. याचा अर्थ रोल भरायला तीन महिने लागणार होते, आणि तोवर कोणी कोणाचा फोटो पाहणार नव्हतं. पण ते आमच्या तेव्हा लक्षात आलं नाही. आम्ही काय केलं, तर काढलेला फोटो दुसऱ्या सोमवारी लाइनवर सांगायला लागलो.

पहिला विषय तिनं दिला होता, दार. मी एक्स्चेंजच्या मागचं लोखंडी दार काढलं, कारण रोज तेच दिसायचं. तिनं सांगितलं, "एक माणूस सायकलच्या कॅरिअरला कपाटाचं दार बांधून चालला होता. दाराला आरसा. आरशात मागचा अख्खा आग्रा रोड उलटा चालला होता." माझ्या लोखंडी दाराची मला लाज वाटली. पुढच्या आठवड्यापासून मी घरून निघायची ती आजूबाजूला बघतच.

सावली हा विषय मी मे महिन्यात दिला. जळगावचं मे महिन्यातलं ऊन ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. असोद्याच्या बसची वाट पाहत असलेली माणसं विजेच्या खांबाच्या सावलीत एकामागे एक उभी होती. सावली जेवढी बारीक, तेवढीच त्यांची रांग बारीक. पुढची बाई जरा सरकली की मागचे सगळे सरकायचे. तो मी काढला. धुळ्याला सांगितला तेव्हा ती म्हणाली, "हा मला पाठव, पहिल्यांदा."

झोप या विषयाचा मात्र विचका झाला. बाजार समितीजवळ एक हमाल हातगाडीवर गाढ झोपला होता, पायाला पाय लावून, तोंडावर टोपी. मी जवळ गेले आणि तो जागा झाला. कॅमेरा पाहून उठून बसला. मी म्हटलं, "झोपा ना भाऊ, झोपलेलाच फोटो पाहिजे." तो म्हणाला, "झोपेल फोटो नको ताई, घरी दाखवला तर हसतीन." त्यानं टोपी नीट घातली, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि डोळे ताणून माझ्याकडे बघत बसला. मला नाही म्हणता येईना. सोमवारी हे सांगितलं तर धुळे इतकी हसली, की मालेगाव मध्येच लाइनवर येऊन विचारायला लागली, काय झालं म्हणून.

रोल संपला, धुवायला दिला, फोटो आले. पुठ्ठ्यात घालून आम्ही ते एकमेकींना टपालानं पाठवले. तिचा आरसा पाहायला मी लिफाफा बसमध्येच फोडला. फोटोत सायकल होती, माणूस होता, दार होतं. आरशाच्या जागी नुसता पांढरा चट्टा. आग्रा रोड कुठेच नव्हता. माझे निम्मे फोटो पुसट आले होते, कारण त्या कॅमेऱ्याला दोन-तीन पावलांच्या आतलं दिसत नाही हे मला माहीत नव्हतं. खांबाच्या सावलीतली रांग मात्र चांगली आली होती. हमालाचा फोटो सगळ्यांत स्वच्छ आला. त्याची एक प्रत मी त्याला नेऊन दिली.

"आपण सांगतो तेच बरं असतं," धुळे म्हणाली. पण आम्ही दुसरा रोल घातला.

दुसरा रोल अर्धा झाला तेव्हा मी तिला भेटायला जायचं ठरवलं. एका रविवारी दोघींची सुट्टी जुळली. त्या आठवड्याचा विषय तिनं दिला होता, वाट पाहणं. ती म्हणाली, "स्टँडवर चौकशीच्या खिडकीजवळ थांब. कोणती साडी नेसशील?" मी म्हटलं, निळी. शनिवारी इस्त्रीवाल्यानं निळी साडी दिलीच नाही, त्याचं दुकान बंद. मी तपकिरी नेसून निघाले आणि तिला कळवायचं कसं ते सुचलं नाही. रविवारी तिच्या घरी फोन कुठे होता.

एरंडोल, पारोळा करत बस धुळ्याला पोहोचली. खिडकीजवळ निळ्या साडीची वाट पाहणारी कोणी दिसते का ते पाहिलं. बायका पुष्कळ होत्या. मी बॅगेवर बसले आणि फाटकाकडे बघत राहिले. एक अडचण माझ्या लक्षातच आली नव्हती. स्टँडवर कंडक्टर सारखे ओरडत होते, "जळगाव, जळगाव." प्रत्येक वेळी मी दचकून मान वळवायची. अर्धा-पाऊण तास असा गेला. शेवटी मी खिडकीशी जाऊन विचारलं, "जळगावची शेवटची गाडी किती वाजता?"

मागून जाड, बसलेला आवाज आला. "जळगाव? तू आहेस का गं?"

ठेंगणी, गोरी, चष्मा लावलेली बाई. आवाजावरून मी उंच, काळीसावळी बाई मनात धरून बसले होते. तिनंही मला बराच वेळ निरखलं. मग कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं, मी मघाशी तुझाच फोटो काढला. निळी साडी दिसेना, म्हटलं तोवर विषय उरकून घ्यावा. एक तपकिरी साडीवाली बाई बॅगेवर बसून इतकी मन लावून वाट पाहत होती, म्हटलं हीच."

तिच्या घरी सासूनं शेवभाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली होती. सासू माझ्याशी अहिराणीत बोलायची. "लाजू नको वं, बठ्ठं तुन्हंच शे," सगळं तुझंच आहे, असं म्हणून तिनं तिसरी भाकरी वाढली. संध्याकाळी गल्लीतल्या सार्वजनिक नळापाशी मी माझा फोटो काढला. नळाला पाणी यायला अवकाश होता, माणसं घरी होती आणि त्यांचे हंडे-कळशा रांगेत नंबर धरून उभ्या होत्या. शेवटच्या गाडीनं मी परत आले.

याच सुमारास घरी माझ्या लग्नाचं चाललं होतं. असोद्याची आत्या स्थळं आणायची. फोटो स्टुडिओत काढून घेतला होता: मागे रंगवलेली बाग, बाजूला प्लॅस्टरचा खांब, माझ्या गालावरचा तीळ पुसून टाकलेला. तो फोटो दोन-तीन ठिकाणी जाऊन परत आला होता. धुळ्याचे नवे फोटो टपालानं आले ते वडिलांनी उघडले. ते कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेबनीस होते, कमी बोलायचे. स्टँडवरचा फोटो त्यांनी चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाले, "ही तू दिसतेस. ती स्टुडिओतली कोण आहे, मला माहीत नाही." रावेरचं स्थळ होतं, मुलगा बँकेत, घरची केळीची शेती. वडिलांनी तिकडे हाच फोटो पाठवला.

आत्या चिडली. "असा फोटो कोनी धाडते का? पोरगी समोर पाहे ना, बॅगेवर बसेल हाये."

"बसलेलीच असतात माणसं," वडील म्हणाले.

रावेरची मंडळी पाहायला आली. मुलगा, त्याची आई आणि आबा, म्हणजे मुलाचे वडील. आबांचं धोतर पांढरंशुभ्र आणि पाय मातीतल्या माणसाचे. पोहे झाले, नोकरीचं विचारून झालं. मग आबांनी खिशातून माझा फोटो काढला.

"फोटोत कोनाची वाट पाहत होत्या तुम्ही?"

मी सवयीनं म्हणाले, "धुळ्याची."

आत्याच्या हातातली बशी वाजली. आबांनी हळू विचारलं, "धुयाचा कोन?"

मग मी समजावून सांगितलं. मैत्रीण, तिकडची ऑपरेटर, आम्ही एकमेकींना गावाच्या नावानं हाक मारतो, आठवड्याला एक विषय घेतो आणि फोटो काढतो. सांगताना माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. मुलाच्या आईनं विचारलं, "काहून? कशासाठी?" मी उठून धुळ्याचे बाकीचे फोटो आणून टेबलावर ठेवले. मुलगा एकेक फोटो उचलून बघत होता. कळवतो म्हणून मंडळी गेली. आत्या म्हणाली, गेलं हे स्थळ. मलाही तसंच वाटलं, आणि खरं सांगायचं तर वाईट वाटलं, कारण मुलगा बरा वाटला होता.

आठवड्याभरानं दुपारी बोर्डावर धुळ्याचा दिवा लागला. मी कॉल घ्यायला कॉर्ड लावली तर ती म्हणाली, "कॉल नाही गं. आज तुझे आबा येऊन गेले."

"कोण आबा?"

"रावेरचे. पहाटे निघून तीन गाड्या बदलून आले म्हणे. एक्स्चेंजच्या फाटकाशी उभे राहून शिपायाला विचारत होते, धुळे कुठे बसतात. शिपाई म्हणाला, आबा, हेच धुळे. शेवटी मी बाहेर गेले. मला म्हणाले, तुम्हीच का धुळे? मी म्हटलं, हो, मीच धुळे."

"मग?"

"मग काय, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मोठा श्वास सोडला. म्हणाले, बरं झालं बाई. मी त्यांना कँटीनमध्ये चहा पाजला. मग तुझं विचारत बसले. रागीट आहे का, हट्टी आहे का."

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, झोपलेल्या माणसाचा फोटो काढायला जाते आणि तो उठून बसला तरी काढते. हट्टी असती तर त्याला झोपवला असता. त्यांना काही कळलं नाही, पण मान हलवली. आणि ऐक, या आठवड्याचा विषय माझ्याकडे होता ना, टोपी? त्यांचाच काढला. टोपी काढून झटकली, परत घातली, मग हात मांड्यांवर ठेवून बसले. म्हणाले, एक प्रत रावेरला पाठवा."

लग्न पुढच्या उन्हाळ्यात झालं. धुळे नवऱ्याला घेऊन आली होती. आबांनी तिची ओळख सगळ्या पाहुण्यांना करून दिली, "ह्या धुये." पाहुणे बुचकळ्यात पडायचे आणि आबा ते समजावून सांगत बसायचे. त्यांना त्यात फार आनंद व्हायचा.

मी बदली करून रावेरला गेले. लहान एक्स्चेंज, थोडे नंबर, केळीच्या गाड्यांचे आणि दिल्लीच्या व्यापाऱ्यांचे कॉल. विषय चालू राहिले, पण रावेर ते धुळे लाइन लवकर मिळायची नाही आणि मिळाली तर मध्ये कोणी ना कोणी ऐकत असायचं. मग थेट डायल करायची सोय आली आणि आमचं कामच राहिलं नाही. मला तक्रारींच्या टेबलावर बसवलं, तिला बिलांच्या विभागात. चौकातल्या बूथवरून फोन करता यायचा, पण समोर बिलाचे लाल आकडे पळत असताना फोटो सांगायला जमायचं नाही. काही महिने आम्ही पोस्टकार्डावर विषय पाठवले. मला मुलगा झाला, तिच्या सासूचं आजारपण आलं, आणि एका सोमवारी कार्ड आलं नाही. मीही पाठवलं नाही. भांडण वगैरे काही नाही.

नव्वद सालानंतर कधीतरी मी मुलाला घेऊन चार दिवस तिच्याकडे राहायला गेले होते. माझ्याकडे तेव्हा रंगीत रोलचा कॅमेरा होता, नवऱ्यानं घेतलेला. तिच्याकडे तो जुनाच. ती म्हणाली, "चल, पुन्हा एक विषय घेऊ. आज दोघी बरोबरच आहोत." आम्ही पांझरेच्या काठानं निघालो. विषय ठरला पाणी. नदीत पाणी नव्हतंच, पात्रात एक डबकं होतं आणि त्यात एक म्हैस बसली होती, पाठीवर बगळा. दोघींनी एकाच वेळी कॅमेरे वर केले आणि एकाच म्हशीचा फोटो काढला.

घरी येताना ती हातातल्या कॅमेऱ्याकडेच बघत चालली होती. मी विचारलं, काय झालं.

"काही नाही," ती म्हणाली. "आता सोमवारी एकमेकींना सांगायचं काय?"

मी म्हटलं, म्हैस तुझ्या बाजूनं कशी दिसली ते सांग. ती सांगायला लागली, आणि गल्ली येईपर्यंत सांगत होती.