धाडसी शेवट

हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीनं आंतरराष्ट्रीय मराठी कथास्पर्धा काढली आणि परीक्षक म्हणून मला विचारलं. आंतरराष्ट्रीय अशासाठी, की कंपनीची निम्मी माणसं तेव्हा अमेरिकेत होती आणि तिथे गेल्यावर त्यांना मराठीचा उमाळा आला होता. मी कॉलेजात मराठी शिकवत होते. आंतरराष्ट्रीय म्हणावं असं तोवर माझ्या वाट्याला काहीच आलं नव्हतं. मी लगेच हो म्हटलं.

दुसरे परीक्षक शनिवार पेठेतले एक ज्येष्ठ समीक्षक होते. त्यांना कथा आवडली की ती बाकी कुणालाच कळलेली नाही, अशी त्यांची खात्री असायची.

कथा ईमेलनं येत. कंपनी त्यांचे प्रिंटआउट काढून आमच्या घरी पाठवी. बहुतेक कथांत बर्फ पडायचा आणि तो बघून कुणाला तरी आईच्या हातचं थालीपीठ आठवायचं. सातव्या थालीपिठानंतर मी चहा टाकला.

मग एक वेगळी कथा आली. परदेशात राहणारा मुलगा आईशी फोनवर बोलतो, बोलणं तुटत जातं, इथवर ती साधी आणि चांगली होती. चौथ्या पानापासून मात्र नुसते चौकोन, प्रश्नचिन्हं आणि उलटसुलट इंग्रजी अक्षरं. तेव्हा प्रत्येकाचा मराठी फाँट वेगळा असे; मध्येच तो बदलला की पुढचं सगळं असंच छापून येई. काहीतरी गडबड आहे हे मला कळलं होतं. कंपनीला फोन करणार, तेवढ्यात समीक्षकांचाच फोन आला.

"वाचलीत? भाषा कोसळते हो! संवादाचा अंत त्यानं अक्षरांतूनच दाखवलाय."

"मला वाटलं, प्रिंटरचं काही..."

"आपण कॉलेजात शिकवता ना?" त्यांनी विचारलं.

मी फोन ठेवला. शेऱ्यात लिहिलं, 'धाडसी शेवट'. पहिला नंबर एकमतानं ठरला.

बक्षीस समारंभाला लेखकाला रजा मिळाली नाही. त्याच्याऐवजी विश्रांतवाडीहून त्याची आई आली. दोन बस बदलून आली होती. समीक्षकांनी भाषणात नायकाच्या संपूर्ण विघटनाबद्दल वीस मिनिटं सांगितलं. बाई पहिल्या रांगेत शांतपणे ऐकत होत्या.

चहाच्या वेळी त्या माझ्याकडे आल्या. "आपल्याला शेवट आवडला म्हणे?"

"हो, फार."

"पण ते मघाशी म्हणाले, मुलगा विरघळून जातो. तो तर घरी येतो ना? चार वर्षं झाली त्याला जाऊन. निदान गोष्टीत तरी आला."

खोटं बोलून सुटता आलं असतं. पण त्या इतक्या सरळ बघत होत्या, की मला धीर झाला नाही.

"अहो, खरं सांगते. शेवट आम्ही वाचलाच नाही. तो छापूनच आला नव्हता."

"मग बक्षीस कशाला दिलंत?"

त्यांनी पर्समधून कागद काढले. मुलानं गोष्ट आधी हातानं लिहून आईला पोस्टानं पाठवली होती.

"आता वाचा. मी थांबते."

समोशांच्या टेबलाशी उभी राहून मी वाचलं. मुलगा सकाळी रिक्षानं येतो, दाराबाहेर बूट काढतो, आईच्या पाया पडतो, दोघं रडतात. नंतर थालीपीठ होतंच.

"कसं वाटलं?"

"पहिला भाग चांगला आहे," मी म्हटलं. "शेवट जरा गोड झालाय. दहा गुण कमी दिले असते."

"दहाच?" त्या कागद घडी करत म्हणाल्या. "मी वीस कापले असते. खरं तर तो बूट घालून थेट स्वयंपाकघरात येतो. जन्मात कधी दाराशी काढले नाहीत."

मग ट्रॉफी पिशवीत कोंबून त्यांनी मला विचारलं, विश्रांतवाडीची बस कुठून सुटते.