मृदंगामागचा गिटारवाला

आमच्या वाडीचा एक माणूस मुंबईच्या मोठ्या हॉटेलात जॅझ वाजवायचा, असं सांगितलं की पोलादपूरच्या बाजारात अजून लोक माझ्याकडे बघून हसतात. हसू देत. त्याचं नाव कुठल्या तबकडीवर नाही, तो गेला तेव्हा कुठल्या पेपरात दोन ओळी आल्या नाहीत, आणि त्याला न ऐकणाऱ्यांत पहिला नंबर माझाच होता. म्हणून हे मीच लिहायला हवं. मी बडबड्या माणूस, एका जागी बसून लिहिणं माझ्या जिवावर येतं. पण ती गौरीपूजनाची दुपार आठवली की या वयातही माझा उजवा पाय आपोआप हलायला लागतो.

तो आणि मी एका वयाचे. पन्नास साल नुकतंच उलटलं होतं तेव्हा आम्ही दोघंही मुंबईत होतो, वाडीच्या खोलीत. वाडीची खोली म्हणजे चाळीतली एकच खोली आणि तिच्यात आमच्या वाडीचे चौदा बाप्ये, पाळीपाळीनं झोपणारे. मी गिरणीत होतो. तो हॉटेलात भांडी घासायला लागला होता. तिथल्या बँडमधल्या एका गोव्याकडच्या वादकानं त्याला पातेल्यांवर ठेका धरताना ऐकलं आणि हौसेनं गिटार शिकवली. तीन-चार वर्षांत भांडी सुटली आणि हा पठ्ठ्या कोट घालून बँडमध्ये बसायला लागला. दिवसा खोलीत रातपाळीवाले झोपलेले असायचे, म्हणून तो तारांखाली जुन्या धोतराची चिंधी कोंबून सराव करायचा. सूर नाही, काही नाही, नुसतं खटखट. मी म्हणायचो, "अरे, हे वाजवतोस का सुपारी कातरतोस?"

एका रविवारी संध्याकाळी तो मला हॉटेलात घेऊन गेला. मुदपाकखान्याच्या दाराआड उभं केलं आणि म्हणाला, इथनं बग. समोर बारा जणांचा बँड. ट्रम्पेट काय, सॅक्सोफोन काय, ड्रम काय, नुसती धमाल! एक जण उठून मनाला येईल ते वाजवायचा, तो बसला की दुसरा उठून त्याला जबाब द्यायचा. आमचा माणूस सगळ्यांच्या मागे खुर्चीवर. उजवं मनगट एकसारखं खाली जातंय, एक दोन तीन चार, एक दोन तीन चार, आणि मला त्यातला एक सूर ऐकू येईल तर शपथ. टाळ्या पुढच्यांना. त्याच्याकडे कुणी मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. मला इतका राग आला की परत येताना मी ट्राममध्येच त्याच्यावर तोंड सोडलं.

"तुझं वाजतच नाय की रे! एवढा कोट घालून बसतोस कशाला?"

तो हसला. "आयकू येत नाय, तेच बरोबर हाय. मी थांबलो ना, मंग कळंल तुला."

"आणि ते उठून जबाब देनं, ते तर आपलं शक्ती-तुऱ्यासारखंच झालं."

हे मी सहज बोललो, पण त्यानं माझा दंडच धरला. "तेच तर! कुनाला सांगू हे? आबांनी एकदा आयकाया पायजे. एकदाच. मंग मागं बसून जन्म गेला तरी चालंल."

आबा म्हणजे त्याचे वडील, आमच्या वाडीच्या नाचाचे मृदंगवाले. गणपतीत आमच्याकडे बाल्या नाच होतो. मधे मृदंग, झांज आणि शाहीर बसतात, भोवती पायात चाळ बांधून आम्ही फेर धरतो. त्यातच वरच्या वाडीशी सामना. एक वाडी शक्तीवाली, दुसरी तुरेवाली. एका शाहिरानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच तो फोडायचा. मृदंग आबांच्या घरात तीन पिढ्यांचा. तो आपल्यामागे मुलाच्या मांडीवर जायचा, तर मुलगा गोऱ्या सायबा-मडमांना नाचवायला गेला. आबांनी दोन वर्षं त्याच्याशी धड बोलणं टाकलं होतं. गिटारचा विषय निघाला तर म्हणायचे, "ते खोकं माज्याफुडं नको."

त्या वर्षी गणपतीला तो खोकं घेऊनच निघाला. गोधडीत गुंडाळलेली गिटार, आणि कंडक्टर म्हणतोय, टपावर टाका. हा ऐकेना. मी भांडलो, आवाज चढवला, शेवटी त्यानं ती मुंबईपासून मांडीवर धरून आणली. पेणपर्यंत लोक विचारत होते, आत काय, शिवणयंत्र का? महाडला गाडी थांबली तेव्हा आम्ही चहा प्यायला उतरलो, तर हा तिथंही गोधडी काखेत घेऊन. चहा पिता पिता त्यानं मला एक गोष्ट सांगितली, जी वाडीत कुणी तोंडातून काढत नव्हतं. गेली दोन वर्षं आमचा फेर धावायचा. नाच चढला की वेग हातचा सुटायचा, शाहिराला दम पुरायचा नाही, आणि जबाबाची शेवटची ओळ तो गिळायचा. दोन्ही वर्षं जिंकल्याचा नारळ वरच्या वाडीला. सगळे आम्हा नाचणाऱ्यांना बोल लावायचे.

"पायांचा दोष नाय," तो म्हणाला. "आबांचं मनगट थकलंय. थकलं की ते घाई करतं. मला यंदा त्यांच्या मागं बसू देतील तर मी धरीन त्यांना."

बापाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं तर म्हातारा मृदंगच खाली ठेवून देईल, ही त्याला धास्ती. आणि यंदा हरलो तर वाडी दुसरा मृदंगवाला आणणार, हे तर मीच कानांनी ऐकलं होतं.

आमच्यात एक रीत आहे. सामन्याच्या, म्हणजे गौरीपूजनाच्या, सकाळी सगळी वाद्यं गणपतीपुढे ठेवायची, हळदकुंकू वाहायचं. जे देवापुढे ठेवलं नाही ते मांडावर, म्हणजे नाचाच्या जागी, वाजत नाही. आणि ठेवलेलं वाद्य आरतीआधी कुणी उचलायचं नाही, ठेवलं की ते वाजलंच पाहिजे. आबांनी मृदंग ठेवला, झांजा ठेवल्या. गिटारकडे बोट करून म्हणाले, "जितं दारू पितात तितलं हे. देवाफुडं नाय यायचं."

तो गप्प माजघरात गेला. गप्प बसणं त्याला जमायचं, मला नाही. आबा मृदंगाला लावायची कणीक भिजवायला मागच्या पडवीत गेले तेवढ्यात मी गिटार उचलली, सरळ गणपतीपुढे मृदंगाला टेकवून ठेवली, कुंकू पाण्यात कालवलं आणि सहाच्या सहा तारांना बोटानं फासलं. तारांच्या वाद्याला कुंकू कुठे लावतात, मला काय ठाऊक! आबा आले आणि दारातच थबकले. मला वाटलं, आता हातातली परात डोक्यात बसते.

त्याची आई चुलीपाशी होती. तिनं फक्त एवढंच विचारलं, "आता देवाफुडनं उचलायचं कुनी?"

आबांनी माझ्याकडे बघितलं, गणपतीकडे बघितलं. उचलायला कुणाचाच हात धजणार नव्हता, त्यांचाही नाही. शेवटी मुलाला म्हणाले, "माज्या मागं बसायचं. फुडं दिसता कामा नये."

म्हणजे इथंही मागेच. मला परत राग आला, पण तो मात्र अगदी खुशीत होता.

दुपारी पाऊस उघडला आणि वरची वाडी वाजतगाजत उतरली. काय तो सामना, आहाहा! त्यांच्या शाहिरानं पहिलाच सवाल असा टाकला की आमच्याकडची जाणती माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. आमचा शाहीर उठला, आबांची थाप पडली आणि आम्ही फेर धरला. पहिली दोन कडवी मी घाबरत नाचलो, आता वेग सुटतो की मग सुटतो म्हणून. वेग सुटेना! नाच चढत होता, घाम गळत होता, चाळ एका आवाजात पडत होते, पण पायाखालची जमीन जागची हलत नव्हती. शाहीर छाती भरून गात होता. कडव्यामागून कडवं, सवालामागून सवाल. गिटार ऐकू येत होती का? छे! मृदंग, झांजा आणि सोळा जणांचे चाळ, त्यात ती कुठली ऐकू यायला? पण मी फिरता फिरता दर वेळी आबांच्या पाठीमागे बघायचो. तेच मनगट, एक दोन तीन चार. मला हॉटेलातलं आठवलं.

शेवटचा सवाल आला. आमचा शाहीर जबाब बांधत चालला होता आणि एकाएकी सगळं घसरलं. म्हणजे आवाजात काहीच कमी झालं नव्हतं. मृदंग तोच, झांजा त्याच. पण फेर धावायला लागला, मी पुढच्याच्या टाचेवर पाय दिला, मागचा माझ्या पाठीवर आदळला, शाहिराचा श्वास तुटला. काय झालं ते कुणाला कळेना. लोक आमच्या पायांकडे बोटं दाखवायला लागले.

आबांनी मान वळवली नाही. हात चालू ठेवून, साऱ्या वाडीसमोर, वरच्या वाडीसमोर ते ओरडले, "हात का थांबवलास रे? वाजव! तुज्याबिगर धावतंय माजं!"

गिटारची तार तुटली होती. तो ती बाजूला करत होता, बस, एवढा वेळ. त्यानं तशाच पाच तारांवर हात टाकला. दोन पावलांत आमचे पाय जमिनीला लागले, शाहिराला श्वास सापडला, आणि जबाबाची शेवटची ओळ त्यानं अशी काही फेकली की वरच्या वाडीच्या पोरांनीसुद्धा टाळ्या पिटल्या. मी तर आनंदानं बोंबललोच. नारळ आमच्याकडे आला. वरची वाडी ते आजही कबूल करत नाही, तो भाग वेगळा.

तार माझ्या ओल्या कुंकवानं तुटली असं मला वाटतं. तो म्हणायचा, जुनीच होती. माझी समजूत काढत असणार.

आबा त्या दिवशी त्याच्याशी काही फारसं बोलले नाहीत. परतीच्या दिवशी मात्र पहाटेच तयार होऊन बसले आणि गोधडीतली गिटार स्वतःच्या खांद्यावर घेऊन पोलादपूरच्या स्टँडपर्यंत चालत आले, दोन तासांची उतरण. मुलानं तीनदा हात पुढे केला, त्यांनी दिली नाही. गाडी आली. कंडक्टरनं गोधडीकडे बघितलं आणि म्हणाला, "म्हातारबाबा, ते खोकं टपावर टाका."

मी भांडायला तोंड उघडलं होतं. आबांनी मला हातानं मागे सारलं.

"खोकं नाय," ते म्हणाले. "वाद्य हाय ते. देवाफुडचं हाय. मांडीवरच जानार."

कंडक्टर बाजूला सरला आणि आम्ही आत चढलो. आबांनी खिडकीतून गिटार आत दिली आणि गाडी सुटेपर्यंत गोधडीचं टोक धरून उभे राहिले. त्यानं गिटार मांडीवर घेतली. महाड येईपर्यंत गोधडीवर त्याचं उजवं मनगट तेवढं हलत होतं. मी गप्प बसलो, जन्मात पहिल्यांदाच.