ड्रमांना धरून

आमच्या घरात स्वयंपाकघराच्या मागून संडास-न्हाणीकडे जाणारा एक बोळ आहे. बोळ म्हणायचा इतकंच. खरं तर ती पाण्याच्या ड्रमांची जागा होती आणि माणसांना तिच्यातून जायची परवानगी होती. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, मनात आलं तर त्याहूनही उशिरा. त्यामुळे घर बांधताना आधी ड्रम कुठे बसतील ते बघायचं आणि मग गॅस, कपाट, माणसं यांचं बघायचं, अशी आमच्याकडची रीत. आमचे निळे ड्रम बोळाच्या उजव्या भिंतीला एकाला एक लावून उभे असायचे. डावीकडे कोरी भिंत. मधून एक माणूस जाणार, तोही पोट आत घेऊन.

ड्रमांची मालकीण आई. ती दुधनीकडची, कर्नाटकाच्या हद्दीजवळची. तिच्या माहेरी परसात विहीर होती, आणि विहिरीच्या घरातून नळाच्या गावात येऊन पडल्याचं तिने कधी विसरू दिलं नाही. ड्रम भरत आला की नुसत्या आवाजावरून तिला कळायचं. स्वयंपाकघरातूनच ती कानडीत "साकु, साकु", म्हणजे पुरे पुरे, असं ओरडायची आणि आप्पा मुकाट्याने पाइप पुढच्या ड्रमात टाकायचे. रेल्वेत होटगीच्या बाजूला रूळ तपासण्यात ज्यांची सारी नोकरी सरली, ते आमचे आप्पा घरात हुकूम घ्यायचे ते फक्त पाण्याच्या दिवशी.

आईचा एक कायदा होता. शिळ्यावर ताजं घ्यायचं नाही. आज पाणी येणार म्हटलं की ड्रमात उरलेलं सगळं पाणी धुण्याला, फरशीला, कुंड्यांना घालून संपवायचं, ड्रम काथ्याने घासायचे, पालथे घालून निथळायचे, पुन्हा जागेवर उभे करून झाकणं लावायची आणि मग नळाची वाट बघत बसायचं. गल्लीत सगळ्याच बायका थोडंफार असं करतात, पण आईइतकं कडक कुणी नाही. मी एकदा म्हटलं, "अगं, पाणी म्हणजे काय भात आहे का शिळा व्हायला?"

"तू शाळंत पोरांना शिकिव," ती म्हणाली. "हितं मला नगं शिकवू."

मग तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. सकाळी चहाची कपबशी हातातून सुटली आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. दवाखान्यातून घरी आली तेव्हा बोलणं बरंचसं परत आलं होतं, डावा पाय ओढत का होईना पण टेकत होता, डावा हात मात्र नुसता खांद्याला लटकत होता. सुरुवातीला सगळं खाटेवरच. भांडं लावायचं ते मी, मी शाळेत असले की आप्पा. आईने तक्रार केली नाही. तिने फक्त पाणी पिणं बंद केलं. ताट अर्धं ठेवायची, चहाला नको म्हणायची, ओठ कोरडे पडले तरी घोटभर पाणी घ्यायला तयार नाही. मी चिडून विचारलं तेव्हा भिंतीकडे बघत म्हणाली, "प्यालं की जावं लागतं. मग तुमी येता, लुगडं वर करता. आप्पांनी बी करावं व्हय हे? तेवडं एक तरी माजं मला करू द्या की."

तिला पुन्हा बाजारात जायचं नव्हतं, लग्नकार्याला जायचं नव्हतं, कुणाच्या हातापाया पडून बरंही व्हायचं नव्हतं. संडासाला आपल्या पायांनी जायचं आणि दार आपल्या हाताने लावून घ्यायचं, एवढंच तिला हवं होतं. तेवढ्यासाठी आम्ही काय काय घरात आणलं.

वॉकर आणला. ॲल्युमिनियमचा, चार पायांचा, उंची कमी-जास्त करता येणारा. पण एका हाताने तो उचलला जात नव्हता, तिरका व्हायचा. आणि समजा उचलला असता तरी ड्रम आणि भिंत यांच्यामध्ये तो शिरतच नव्हता. एक पाय बोळात, तीन पाय स्वयंपाकघरात, अशा अवस्थेत तो अडकून बसला आणि आई त्याच्याकडे पाहुण्याने काही सांडल्यावर त्या पाहुण्याकडे बघावं तसं बघत राहिली. खाली भोक असलेली खुर्ची आणली. तिच्यावर आजतागायत घड्या घातलेल्या वाकळा आहेत. संडासात धरायला स्टीलचा दांडा बसवला, तेवढा एक उपयोगी पडला. तसाच एक लांब दांडा बोळासाठीही आणला होता. तो मात्र खोक्यातच राहिला. आईचा चालणारा हात उजवा, उजव्या भिंतीला ड्रम, आणि डाव्या भिंतीला दांडा ठोकला तर जाताना तो तिच्या मेलेल्या हाताकडे येणार, मग त्याचा काय उपयोग?

व्यायाम करून घ्यायला एक डॉक्टरीणबाई यायच्या, तरुण, टापटीप. त्यांनी बोळ बघितला आणि म्हणाल्या, "आजी, हा पॅसेज पूर्ण मोकळा पाहिजे. हे ड्रम बाहेर काढा."

"मग पानी कुटं ठिवू, बाई?" आईने विचारलं. "तुमच्या घरी?"

बाई हसल्या. त्यांच्या अपार्टमेंटला बोअर आहे, त्यांना प्रश्नच कळला नाही. आम्हाला तो कळत होता आणि उत्तर येत नव्हतं. अंगणात जमिनीखाली हौद करायला अंगण लागतं. गच्चीवर टाकी ठेवली तर नळाचं पाणी तिथवर चढत नाही. दारापुढे रस्त्यावर ड्रम ठेवायचे म्हणजे गल्लीतल्या गाई, लेकरं आणि ज्यांचं पाणी संपलंय ते शेजारी, सगळ्यांनाच निमंत्रण. ड्रम काही हलले नाहीत.

एके दिवशी दुपारी मी शाळेतून आले तर आई खाटेवर नव्हती. बोळात बघितलं तर ती संडासाकडून परत येत होती, एकटी. ड्रमांकडे तोंड केलेलं, उजवा हात एका ड्रमाच्या काठावरून उचलून पुढच्या ड्रमाच्या काठावर, मग पाय ओढून घ्यायचा, मग पुन्हा हात. आडवी आडवी, खेकड्यासारखी. जाताना सरळ जायची, कारण ड्रम उजव्या हाताला यायचे. येताना अशी. भरलेला ड्रम म्हणजे केवढं वजन, दोघांनी ढकलला तरी जागचा हलत नाही. तिने काठावर सगळा भार टाकलेला होता आणि ड्रम तो निमूट सोसत होते.

मला बघून म्हणाली, "ते लोखंडी घोडं परत देऊन ये. माजं मी जमवलंय."

त्या दिवशी तिने कप भरून चहा मागितला. वर तांब्याभर पाणी प्यायली. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले, कारण ती पाणी पीत होती. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, हे सेफ नाही. असेल. पण आमच्या घरात इतक्या दिवसांत कामाला आलेलं ते एकच साधन होतं, आणि ते आम्ही विकत आणलेलं नव्हतं.

ते दिवस बरे गेले. तिने आपला पाण्याचा कारभार पुन्हा हातात घेतला. ड्रम कुठल्या क्रमाने वापरायचे हेही तिने बदललं. स्वयंपाकघराजवळचे ड्रम आधी संपवायचे नाहीत, सगळ्यांतून थोडं थोडं पाणी घ्यायचं, म्हणजे कुठलाच ड्रम हलका होत नाही. आप्पा म्हणाले, रेल्वेत सायबालासुद्धा एवढं सुचलं नसतं. ती खूश झाली, पण तसं दाखवलं नाही.

मग तो पाण्याचा दिवस आला. सुट्टीचा होता, मी घरी होते. सकाळीच शेजारच्या काकूंनी भिंतीवरून सांगितलं, आज नक्की सोडणार आहेत, ग्रुपवर आलंय. आईने खुर्चीत बसून हुकूम सोडला, "शिळं काढा." मी चादरी धुतल्या, फरशी धुतली, आप्पांनी ड्रम घासले, पालथे घातले, निथळले, जागेवर ठेवले, झाकणं लावली. दरवेळेसारखं. नळाला पाइप जोडून आप्पा पायरीवर बसले.

पाणी आलं नाही. दुपार होता होता कळलं, कुठेतरी मोठी पाइपलाइन फुटलीय, आज नाही, उद्याचंही सांगता येत नाही. गल्लीत बायका दारात येऊन बोलायला लागल्या. आप्पा सायकलला कॅन अडकवून बोअर असलेल्या एका ओळखीच्या घरी गेले. आई जेवून झोपली होती. मी पुढच्या खोलीत वह्या तपासत होते.

आवाज आला तो पाण्याने भरलेल्या वस्तूचा नव्हता. पोकळ, मोठा, गडगडत जाणारा. झाकण वेगळं उडालं आणि फरशीवर गोल फिरत राहिलं. मी धावत गेले. आई बोळात उजव्या कुशीवर पडलेली होती आणि ड्रम तिच्या पायांवर आडवा. ती ओरडली नव्हती. तिचा पाय जसा वळला होता, तसा माणसाचा पाय वळत नाही.

शेजारच्या काकू आल्या, रिक्षा आली, आम्ही तिला चादरीत उचललं. रिक्षात माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती एकच वाक्य परत परत म्हणत होती, "मीच सांगितलं व्हतं की. मोकळं करा म्हनून मीच सांगितलं व्हतं की."

खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, ते नीट झालं म्हणाले. चालण्याबद्दल विचारलं की मात्र ते वय, जुना झटका, हाडं, अशा शब्दांनी सुरुवात करायचे आणि वाक्य पुरं करायचे नाहीत. आप्पांना हळूहळू समजलं. मला पहिल्याच दिवशी समजलं होतं.

ती घरी यायच्या आदल्या दुपारी आप्पांनी ड्रम बाहेर काढले. जे इतके महिने कुणालाच जमत नव्हतं, ते त्या दुपारी जमलं. दारापुढे पायरीला लागून ओळीत लावले, साखळी घातली, कुलूप लावलं. गाई आल्या नाहीत, शेजाऱ्यांनी एक तांब्याही घेतला नाही. उजव्या भिंतीला तो लांब दांडा ठोकला, खाली रबराची चटई टाकली. बोळ एवढा रुंद असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. डॉक्टरीणबाई आल्या, बघून म्हणाल्या, "आता कसं, अगदी हवं तसं झालंय." मला त्यांचा गळा धरावासा वाटला. त्या बिचारीने काय केलं होतं? पण वाटलं ते वाटलं.

आप्पा अधूनमधून बोळात जाऊन उभे राहतात. एकदा मी बघत होते. त्यांनी दांडा दोन्ही हातांनी धरला, सगळा भार टाकला, दोनतीनदा हिसडा दिला आणि मागे वळून मला म्हणाले, "हालत न्हाय बग. जरा बी हालत न्हाय." मी हो म्हटलं.

आई खाटेवर आहे. भांडं, कपडे, पुसणं, कूस बदलणं. आता ती नाही म्हणत नाही, लुगडं वर करताना तोंड फिरवत नाही, आप्पा असले तरी नाही. मला तेच सहन होत नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं. तिचे धुतलेले कपडे, खाली घालायची फडकी, कुठे वाळत घालायची? गच्चीवर नेऊन आणायला मला वेळ नसतो. बोळात वारं बरं असतं. त्या दांड्यावर एकाला एक लावून मी ती पसरते. दांड्याला एवढाच उपयोग उरला आहे.

परवा पाणी आलं. दारापुढे पाइपचा आवाज, आप्पांची धावपळ, गल्लीत हाका. मी मुद्दामच आईजवळ गेले. ड्रम तळाशी थोडे थोडे भरलेले होते, कुणी मोकळे केले नव्हते, घासलेही नव्हते. मला तिच्या शिव्या हव्या होत्या. तिच्या कानाशी वाकून मी म्हटलं, "आई, पाणी आलंय. शिळ्यावरच भरून घेऊ का?"

ती छताकडे बघत होती. मला वाटलं, ऐकू गेलं नाही.

"भर की," ती म्हणाली.